फिल्टर केवढा घ्यायचा

१

अम्मानच्या मार्का भागातल्या त्या गल्लीला आठवड्यातून एकदाच, शनिवारी, पाणी येई. पहाटेपासून गच्चीवरच्या टाक्या भरायला लागल्या की पाइपांतून घरघर सुरू व्हायची आणि सुहैर पदर खोचल्यासारख्या बाह्या वर सारून कामाला लागायची. आधी चादरी, मग जिना, मग फरशी, आणि सगळ्यात शेवटी माशांची टाकी. दोन बादल्या जुनं पाणी काढायचं, दोन बादल्या नवं ओतायचं, क्लोरिन मारायचे थेंब मोजून टाकायचे आणि फिल्टरचा स्पंज काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळायचा. नळाखाली नाही. स्पंजात जे जिवाणू राहतात तेच पाण्यातली घाण पचवतात. नळाच्या पाण्याने ते मरतात. हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. दुधाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिची चौदा वर्षं गेली होती.

टाकी सासऱ्यांसाठी आणली होती. अबू लुअयना गेल्या हिवाळ्यात पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. टीव्ही लावला की ते अस्वस्थ होत. डॉक्टर म्हणाले, संथ हलणारं काहीतरी समोर असू द्या. सुहैरचा नवरा लुअय अकबाच्या बंदरात नोकरीला, गुरुवारी रात्री येणार आणि शनिवारी दुपारी जाणार. त्यानेच दीडशे लिटरची काच आणून बैठकीच्या खोलीत भिंतीशी मांडली. पाच नारिंगी प्लॅटी आणि तळाशी चरणारे दोन मिशाळ मासे. सुहैर सकाळी सातला कामावर जायची. खालच्या मजल्यावरच्या उम्म साहिर वर येऊन बसायच्या, बाराला अबू लुअयना जेवू घालून खाली जायच्या. बारा ते तीन ते एकटे, टाकीसमोर खुर्चीत. दहा आठवडे हे असं सुरळीत चाललं.

अकराव्या आठवड्यात, एका बुधवारी, पाणी ताकाच्या निवळीसारखं दिसायला लागलं. सुहैरने स्पंज काढला तर तो भिजल्या टॉवेलइतका जड झाला होता. तिने पिळला, परत बसवला. शुक्रवारी तो पुन्हा तसाच भरला होता.

२

बलदमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, पक्षीबाजाराच्या टोकाला माशांची जी दुकानं आहेत, त्यांतल्या सगळ्यात चकचकीत दुकानात इयाद नावाचा तिशीतला विक्रेता होता. केस नीट बसवलेले, तोंडात साखर. अम्मानमध्ये गिऱ्हाइकाला डॉक्टर नाहीतर इंजिनियर करून टाकायची पद्धत आहे, त्याप्रमाणे त्याने सुहैरला दारातच डॉक्टर करून टाकलं.

तिने बाटलीतून पाण्याचा नमुना नेला होता. त्याने तो बाजूला ठेवला आणि टाकी किती लिटरची, मासे किती, खायला किती घालता, यातलं काही न विचारता शेल्फवरून एक खोकं काढलं. बाहेर, टाकीखालच्या कपाटात ठेवायचा डबा-फिल्टर. तासाला बाराशे लिटर, यापुढे पाण्याकडे बघायला नको. सुहैरने विचारलं, हे बाराशे आत स्पंज भरलेला असताना की रिकाम्या डब्याचे? तो हसला. असं विचारणारं गिऱ्हाईक त्याला नेहमी भेटत नसावं. मग तिने स्वतःच सांगितलं की डबा भरल्यावर याच्या निम्मं मिळालं तर नशीब, आणि सात बोटभर माशांना एवढं मशीन म्हणजे अंगणात झारी पुरत असताना बंब आणण्यासारखं आहे.

"सात?" तो म्हणाला.

त्याने नमुना उचलला, नळीत थोडं पाणी घेतलं, दोन बाटल्यांतले थेंब टाकले. पिवळं व्हायला हवं ते पाणी गर्द हिरवं झालं. इयाद नळीकडे बघत राहिला. त्याच्या आवाजातली साखर थोडी कमी झाली.

"डॉक्टर, गिऱ्हाईक माशांची संख्या चोरतं, पेशंट सिगारेटींची चोरतो तशी. मला सवय आहे. पण एवढं? काय पाळलंय, खरं सांगा. मोठं आहे ना?"

सुहैरला वाटलं, हा त्याचा ठरलेला डाव असणार. आधी घाबरवायचं, मग खोकं गळ्यात मारायचं. ती काही न घेता निघाली.

३

सोमवारी तिने तोच नमुना प्रयोगशाळेत तपासला, आणि इयादची नळी खोटं बोलत नव्हती हे तिला मान्य करावं लागलं. पाण्यात अमोनिया होता, भरपूर होता. आता हिशेब शोधायचा होता, आणि हिशेब शोधणं हे तर तिचं रोजचं काम.

पहिला संशय तिने सासऱ्यांवर घेतला. ती त्यांना अम्मो म्हणायची. अम्मो डाव्या हाताने डबा उघडून खाद्य ओतत असतील. तिने डबा वजन करून ठेवला, दोन दिवसांनी पुन्हा वजन केला. ती स्वतः घालत होती त्या चिमट्यांएवढंच खाद्य कमी झालं होतं. दुसरा संशय मेलेल्या माशावर, पण सातही जिवंत होते. तिसरा नळाच्या पाण्यावर. तिने गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तपासलं, ते निर्मळ निघालं. मग तिने कागदावर गणित मांडलं. रोज एवढी घाण व्हायला सात माशांच्या जागी काहीशे मासे हवे होते. दशांश चिन्ह चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा मांडलं. चिन्ह बरोबर होतं.

लुअयला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, तुझं डोकं कारखान्यातून घरी येतच नाही, काच घाण झाली असेल, पुसून टाक.

त्या आठवड्यात मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. सुहैरच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. अबू लुअयची खुर्ची टाकीपासून दोन हातांवर असायची. ती आता तीन हातांवर होती. उम्म साहिरना विचारलं तर त्या म्हणाल्या, मी कशाला सरकवू? सुहैरने ठरवलं की माशांची तडफड बघवत नाही म्हणून अम्मोच पायाने खुर्ची रेटत असतील. त्यांना जराही त्रास नको. गुरुवारी ती कामावरून थेट बलदमध्ये गेली आणि जे खोकं तिने नाकारलं होतं तेच घेऊन आली. इयाद स्वतः बसवायला आला. त्याने टाकीकडे, मग सात माशांकडे बघितलं, मिशाळ मासे मोजले, आणि जाताना काही विनोद केला नाही.

४

सहा दिवस पाणी इतकं स्वच्छ राहिलं की मासे हवेत लटकल्यासारखे दिसायचे. कपाटातून फिल्टरचा एकसुरी घूं आवाज येई, आणि दोन दिवसांत घराला त्याची सवय झाली.

सातव्या दिवशी सुहैर तीनला घरी आली आणि पाण्याच्या वर काचेवर तिला एक ओली रेघ दिसली.

पाणी काठापासून चार बोटं खाली असायचं. प्लॅटी उडी मारतात म्हणून तिने मुद्दाम तेवढी जागा ठेवली होती. पाणी होतं तिथेच होतं. पण त्याच्या दोन बोटं वरपर्यंत काच आतून ओली होती, चारही बाजूंनी, एका सरळ रेषेत. थोड्या वेळापूर्वी पाणी तिथवर चढलं असावं आणि मग उतरलं असावं, तशी.

कारखान्यात बाटल्यांवर खुणा करायची मेणाची पेन्सिल तिच्या पिशवीत असे. तिने बाहेरून पाण्याच्या पातळीवर एक खूण केली आणि ओल्या रेघेवर दुसरी. दुसऱ्या दिवशी रेघ आणखी अर्धा बोट वर होती. अम्मोनी हात घातला असेल? त्यांच्या बाह्या कोरड्या होत्या, आणि हात घातल्याने पाणी दोन बोटं चढत नाही. तिने टाकीची लांबी-रुंदी मोजली. लांबी एक मीटर, रुंदी त्याच्या दोन पंचमांश. पाणी एवढं वर ढकलायला जे काही आत उतरलं असेल त्याचा आकार पंधरा-वीस लिटरचा हवा. म्हणजे वजन जवळपास तेवढेच किलो. ती तिथे थांबली आणि कागद चुरगळून टाकला, कारण पुढचं वाक्य तिला कागदावर लिहायचं नव्हतं.

खुर्ची आता पाच हातांवर होती.

तिने फिल्टरचा डबा उघडला. आतल्या जाळ्यांमध्ये तपकिरी लगदा खच्चून भरला होता. त्याला माशांचा वास नव्हता. बंद खोलीत महिनोन्महिने पडून असलेल्या माणसाच्या अंथरुणाला येतो तसा तो वास होता. सुहैरने जाऊन अम्मोचं अंथरूण हुंगलं, त्यांची उशी हुंगली, त्यांचे कपडे हुंगले. सगळ्याला साबणाचा वास येत होता. अबू लुअय तिच्याकडे बघत होते. त्यांना काही सांगायचं असलं की डावी भुवई थरथरायची. ती थरथरत होती.

तिने इयादला फोन केला की नवा फिल्टर आठवड्यात तुंबला. त्याने मंगळवारी दुपारी येऊन बघतो म्हटलं. ती म्हणाली, मी नसेन, खालच्या मजल्यावरच्या उम्म साहिर दार उघडतील.

५

प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने तिला बेद्रोसचं नाव सांगितलं. अश्रफिये भागात आर्मेनियन चर्चच्या मागच्या उतारावर त्याचं दुकान. काहीही विकत घ्यायला गेलं तर तो आधी नको म्हणतो, अशी त्याची ख्याती. मंगळवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बरणीत लगदा घेऊन अकराला तिथे पोहोचली.

दुकान काळोखं होतं, पण एकही टाकी गढूळ नव्हती. बेद्रोस सत्तरीचा असेल, डोळ्यांवर जाड भिंगं. त्याने तिला मरमियाच्या सुगंधी पानांचा चहा दिला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली, जे इयादने कधीच विचारले नव्हते. किती लिटर. किती मासे, कोणते. दिवा किती तास. स्पंज कशात धुता. सुहैरला बरं वाटलं. अखेर कामाचा माणूस भेटला. मग त्याने विचारलं, दुपारी घरात कोण असतं?

ती म्हणाली, सासरे. बोलत नाहीत.

त्याने बरणी उघडली, हुंगली, आणि झाकण घट्ट लावून ती तिच्याकडे सरकवली. मग चहाचा पेला बाजूला ठेवून त्याने विचारलं,

"जुन्या फिल्टरवर पाणी गढूळ होत होतं?"

"हो. म्हणून तर मोठा घेतला."

"लोकांना वाटतं फिल्टर घाण काढतो. फिल्टर घाण काढत नाही, बाई. जो घाण करतो त्याला राहता येईल असं करून देतो. लहान होता तोवर आत जे काही येत होतं त्याला टिकता येत नव्हतं. गुदमरून जात असेल परत. तुम्ही त्याला हवा दिलीत, पाणी दिलंत."

सुहैर म्हणाली, तिथे सात मासे आहेत, मी रोज मोजते.

"मासे सातच असणार," बेद्रोस म्हणाला.

ती चिडली. म्हणाली, एक दुकानदार सांगतो मोठा घ्या, दुसरा सांगतो मोठा घेतला हीच चूक; तुम्ही लोक एकमेकांचं गिऱ्हाईक तोडायला काहीही बोलता. बेद्रोसने ते मनाला लावून घेतलं नाही. त्याने सांगितलं की तो मोठे फिल्टर दुकानात ठेवतच नाही. का, हे तिने विचारलं. तो म्हणाला, एकदा एका घरी विकला होता, परत आणायला गेलो होतो. तिला दारापर्यंत सोडताना एवढंच म्हणाला की मासे बादलीत काढा, फिल्टर बंद करा, आणि घरात जो चालू शकत नाही त्याला आधी बाहेर न्या. हे तिन्ही त्याने त्या क्रमाने सांगितलं, मग थांबून म्हणाला, नाही, शेवटचं आधी करा.

टॅक्सीत सुहैर स्वतःशी वाद घालत होती. म्हातारा एकटा राहून भरकटला असेल. पण दोन सल्ल्यांपैकी कोणता खोटा हे ठरवायचं असेल तर कोणाचा फायदा कशात आहे ते बघावं, असं ती नव्या मुलींना शिकवायची. बेद्रोसचा फायदा कशातच नव्हता.

६

ती घरी आली तेव्हा सव्वा वाजला होता. उम्म साहिर खाली गेल्या होत्या. बैठकीच्या खोलीत ऊन होतं, आणि अबू लुअयची खुर्ची समोरच्या भिंतीला टेकली होती. आणखी मागे सरकायला जागा नव्हती. ते टाकीकडे बघत नव्हते. ते बोळाकडे बघत होते, जिथे न्हाणीघर आणि दोन झोपायच्या खोल्या होत्या.

टाकीतलं पाणी पहिल्या खुणेवर होतं. पण काच थेट काठापर्यंत ओली होती आणि तिच्यावरून थेंब अजून ओघळत होते. म्हणजे नुकतंच. सुहैरने फरशी बघितली. फरशी कोरडी होती. एक टिपूसही नव्हता. टाकीतून काही बाहेर पडलं असतं तर फरशी भिजली असती, असं तिने मनात म्हटलं, आणि त्या विचाराला तिने दोन श्वास धरून ठेवलं.

मग तिने, बेद्रोसने सांगितलेला क्रम विसरून, कपाट उघडलं आणि फिल्टरची पिन उपसली.

इतक्या दिवसांचा घूं आवाज थांबला. त्याच्याखाली दुसरा एक आवाज होता, तो थांबला नाही. लांब ओढल्यासारखा, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा लांब ओढल्यासारखा. पाइपातलं पाणी मागे उतरत असेल, ती स्वतःशी म्हणाली. ती ते संपायची वाट बघत राहिली. आवाज संपला नाही. तो पाइपातून येत नव्हता, बोळातून येत होता, आणि जवळ येत होता. बोळात ऊन पडलेलं होतं आणि तिथे कोणी नव्हतं.

अबू लुअयनी डावा हात उचलला आणि स्वतःचे डोळे झाकले.

आवाज थांबला. मग पाणी चढायला लागलं.

ते हळूच चढत होतं, पहिली खूण बुडाली, मग दुसरी. पाचही प्लॅटी आणि दोन्ही मिशाळ मासे पुढच्या डाव्या कोपऱ्यात काचेला चिकटले, अंगाला अंग लावून, जणू उरलेली टाकी भरली होती. तळाच्या वाळूत आधी दोन खळगे पडले. मग सगळी वाळू एकदम दबली. पाण्यात काही दिसत नव्हतं. पलीकडची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं आरपार स्वच्छ दिसत होतं. पाणी काठावर आलं, क्षणभर फुगून थांबलं आणि पहिल्यांदाच फरशीवर सांडलं. सुहैरच्या पायाला ते लागलं. कोमट होतं. अंगाइतकं कोमट.

समोरच्या काचेवर, तिच्या चेहऱ्याच्या अगदी समोर, आतून तळहाताएवढं धुकं धरलं. विरलं. पुन्हा धरलं.

तिने अम्मोच्या काखेत हात घातले. कुठून बळ आलं ते तिला आजही सांगता येत नाही.

७

सुहैर आता अकबात राहते, दोन खोल्यांत, लुअयच्या बंदराजवळ. अबू लुअय तिच्याजवळच आहेत आणि त्यांची प्रकृती पहिल्यापेक्षा बरी आहे. मार्कातल्या घराला कुलूप आहे. लुअयने दोनदा जायचं ठरवलं, दोन्ही वेळा तिने त्याला जिन्यातली ही गोष्ट पुन्हा सांगितली, आणि तो गेला नाही.

त्या दुपारी अम्मोना ओढत, उचलत तिने एक मजला खाली आणलं. वरचं दार उघडंच राहिलं होतं. उम्म साहिरनी बाहेर खुर्ची मांडली, त्यांना बसवलं, आणि त्या टॅक्सीसाठी फोन करायला आत गेल्या. त्याच वेळी इयाद जिना चढून आला. हातात हत्यारांची पिशवी, केस नीट बसवलेले.

"डॉक्टर, तुम्ही घरी? बरं झालं. फिल्टर तुंबला म्हणालात ना?"

तिने सांगितलं, वर जाऊ नका. तिला धाप लागली होती, शब्द नीट येत नव्हते. त्याला वाटलं ही फिल्टर परत करणार. दोन मिनिटं बघून तर येऊ द्या, म्हणत तो तिच्या बाजूने वर गेला. ती त्याच्यामागे धावली असती, पण अम्मो खुर्चीतून कलंडत होते आणि तिचे दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर होते. तिने नाव घेऊन हाक मारली.

चार-पाच मिनिटं गेली असतील. मग छतातून, वरच्या फरशीतून, घूं आवाज पुन्हा सुरू झाला.

इयाद खाली आला तो सावकाश, एकेक पायरी बघत. पिशवी त्याने वरच ठेवली होती. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मोठ्या गिऱ्हाइकाने घरी बोलावून मोठं काम सांगितलं की विक्रेत्याच्या चेहऱ्यावर जी अदब येते ती होती.

"तुम्ही फिल्टर चालू केलात?" सुहैरने विचारलं.

"हो. बंद राहिला की त्रास होतो म्हणाले."

"कोण म्हणालं?"

हा प्रश्न त्याला समजला नसावा. तो तिच्याकडे बघत होता, पण नजर तिच्या मागे कुठेतरी होती.

"चूक माझीच," तो म्हणाला. "मी कधी विचारतच नाही. खोकं काढून देतो. आज विचारलं, केवढा लागेल."

"इयाद, कोणाला विचारलंत?"

"हा फारच लहान पडतो म्हणाले. केवढा हवा ते मग हातांनी दाखवलं."

आणि त्यानेही दाखवायला सुरुवात केली. छातीसमोर दोन्ही तळवे जुळवून त्याने ते हळूहळू एकमेकांपासून दूर नेले, माप विसरू नये म्हणून काळजीने. खांद्याएवढे. मग हात पूर्ण पसरले. डावा तळवा जिन्याच्या भिंतीला टेकला, उजवा कठड्याबाहेर, खालपर्यंत रिकाम्या असलेल्या पोकळीत गेला. तिथे तो थांबला, दोन्ही हातांकडे आळीपाळीने बघितलं आणि मान हलवली.

"आणखी थोडं," तो म्हणाला.